एक नंबरची खाट

बाणकोटला खाडी जिथे समुद्राला मिळते
तिथे हसनमियां सरगुरोहांनी बंगला बांधला,
रंगूनचा साग, समुद्राकडे साठ हात गॅलरी.
सात गलबतं होती त्यांची,
परतीची शिडं मोजायला उंची लागते, म्हणायचे.

मग आगबोटी आल्या.
शिडं मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली.

गॅलरी डॉक्टर विद्वांसांनी भाड्याने घेतली,
सालीना एक रुपया. कागदावर एकच अट:
पहिली खाट कायम फुकट,
सरगुरोहांच्या खलाशांसाठी.

बावीस लोखंडी खाटा. झाकणाच्या पिकदाण्या.
सकाळी अंडं, माशाच्या तेलाचा चमचा,
मग नुसतं पडून राहणं.
बोलायचीसुद्धा वेळ ठरलेली.
गावातली माणसं वारा बघून वाट बदलत.
कोळणी मात्र कुंपणापर्यंत जायच्या
आणि मिळालेले पैसे उकळायच्या,
म्हणजे खरंच, पातेल्यात.

माझी आई चादरी उकळायची.
कोपऱ्यात लाल दोऱ्याने आकडा,
नावं तिला ठाऊक नसत.
बारा नंबर सुधारतोय, म्हणायची.
सोळाची आज आली नाही.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी एक नंबरवर बाई आली.
रजिस्टर मी पाहिलंय, पुढे, रद्दीत:
हाजराबी हसन सरगुरोह. वय एकोणतीस.
धंदा: खलाशी.
अक्षर डॉक्टरांचं. शाई कुठे अडखळलेली नाही.

तिने खाट चार बोटं सरकवून मागितली,
उत्तरेला. तिथे लादी जराशी खोलगट होती,
बाप उभा राहायचा ती जागा.
दीड वर्ष तिने शिडं मोजली.
परक्यांची.

नंतर सुया निघाल्या.
माणसं हातात ट्रंक घेऊन चालत घरी जाऊ लागली,
पुढे डॉक्टर गेले, पुढे मिठाचं गोदाम, पुढे कोर्ट.
आता तिथे हॉटेल आहे, रात्रीचे साडेचार हजार.
पाटीवर लिहिलंय: आरोग्यदायी हवा.
खोल्यांचे नंबर एकशे एकपासून.

खाटा भंगारात गेल्या त्या दिवशी
आईने एक चादर मागून आणली.
मे महिन्यात तिच्यावर आम्ही
रातांब्यांची सालं वाळवतो.
डाग पडतात, जात नाहीत.
आई असती तर उकळली असती.
आम्ही फक्त आकड्याच्या कोपऱ्यावर
दगड ठेवतो.
वारा फार असतो इथे.