दहा नंबरचा पाना

चूक माझीच. आधी निगेटिव्ह काढायचा असतो
हे मला ठाऊक होतं,
जसं उतू जाणाऱ्या दुधाचं सगळ्यांनाच ठाऊक असतं.
दुसरा शनिवार, सकाळचे आठ, धनकवडीतलं आमचं पार्किंग,
सीट काढून उलटी टाकलेली, तिच्यावर ओळीनं नट,
आणि पाना पॉझिटिव्हवरून सटकला
तो थेट चेसीला टेकला.

टच्च.
एवढंच. निळीपांढरी ठिणगी, कडवट वास,
पान्याच्या कडेला तांदळाएवढा खड्डा.
हात झटकला, आणि बोटं मोजायच्या आधी
कोणी पाहिलं का ते पाहिलं.

पाहिलं होतं.
पहिल्या मजल्याच्या ग्रिलमागे खासनीस,
टेलिफोन खात्यातून निवृत्त.
ड्रेनेजच्या वर्गणीवरून आमचं बोलणं
दीड वर्ष बंद.

चावी फिरवली. न्यूट्रलचा हिरवा दिवा नाही.
हॉर्न नाही.
वळण संपून मैलभर झालं तरी टिकटिकणारा
उजवा इंडिकेटर, तोही गप्प.
सतरा वर्षांची गाडी,
आता पार्किंगमधला नुसता एक अडथळा.

जिन्याच्या कठड्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.
पिवळा मल्टिमीटर, वायरी सुबक गुंडाळलेल्या.
खासनीस दोन पायऱ्या वरच थांबलेले.
बोलले ते गाडीशी:
"फ्यूज आधी बघतात."

फ्यूज गेलाच होता. आतला केस जळून दोन टोकं.
दुसरा त्याच डबीत, शेजारच्या खाचेत,
सतरा वर्षं बिनकामाचा, कोरा करकरीत.
बसवला. हिरवा दिवा लागला,
मी हसणारच होते.
स्टार्टर दाबला तर
टक टक टक टक
आणि दिवा विझत विझत पिवळट.
मीटरवर बारा होते, त्याचे सहा झाले.
बटण सोडलं, पुन्हा बारा.

"दिसायला बारा," ते म्हणाले, आता माझ्याशी,
"ओझं आलं की सहा. आतून प्लेट गेलीय.
आमच्या खात्यात असे पुष्कळ होते."

मग धक्का. गेटपासून मेन रोडपर्यंतचा उतार,
दुसरा गिअर, क्लच दाबलेला,
मागे एकाहत्तर वर्षांचे खासनीस स्लीपर फटफटवत,
मी नको म्हणतेय, ते ऐकत नाहीत,
"सोडा! आता सोडा!"
सोडला. गाडी खोकली, अडखळली,
आणि लागली.
मागे वळून पाहायची सोय नव्हती.

कारण थांबले की संपलं.
पद्मावतीला लाल, मूठ पिळलेली,
स्वारगेटला लाल, मूठ पिळलेली,
शेजारचा रिक्षावाला म्हणाला, बाई, विमान आहे का?
नुसत्या मनगटावर एक अख्खी गाडी धरून
नाना पेठेपर्यंत गेले.
तिथं दुकानासमोर हात सैल सोडला.
ती लगेच बंद पडली.

बागवाननं जुनी बॅटरी तराजूवर टाकली.
"शॉर्ट?" त्यानं विचारलं.
मी पाना दाखवला.
तो काही बोलला नाही, खिशातून स्वतःचा काढला,
त्याच्यावर तीन खड्डे.
एक लग्नाच्या आदल्या दिवशीचा, म्हणाला.
बाकी दोन कशाचे ते त्यानं सांगितलं नाही.
मोडीचे दोनशे ऐंशी वजा केले.

संध्याकाळी मीटर परत द्यायला गेले.
दार साखळीइतकंच उघडलं.
"निगेटिव्ह?"
"शेवटी जोडला."
"हं."
त्यांनी वायरींची टोकं उजेडात धरून तपासली,
धोतराच्या सोग्यानं पुसली,
आणि गुंडाळी पुन्हा नव्यानं घातली,
माझी त्यांना पटली नव्हती.
ड्रेनेजचा विषय निघाला नाही.
मिटलाही नाही.

पाना मी बदललेला नाही.
नट आवळताना खड्डा अंगठ्याला लागतो.
तिथे जरा थांबते.