एक मोठं माणूस कमी

बाईंना एक मोठं माणूस कमी पडत होतं.
नियम आहे म्हणे, आठ पोरांमागे एक.
खरं तर बस लावून मी डुलकी काढणार होतो.
थर्मास सीटखाली सरकवला
आणि दुसरीच्या वर्गामागे निघालो,
रांगेच्या शेपटाला.

"हाइनोकाका आज सगळ्यात शेवटी चालतील," मारेटबाई म्हणाल्या,
"त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही."
चोवीस डोकी. मोजली. परत मोजली.
एरवी आरशात मोजतो,
इथे आरसा नव्हता.

दोन फळ्यांची वाट, मध्ये बोटभर फट,
दोन्हीकडे दलदल, नजर थकेपर्यंत,
सप्टेंबरातली, गंजाच्या रंगाची.
मधूनमधून पाइन, खुरटे, माझ्या खांद्याला लागतील इतके.
"ही झाडं तुमच्या आजोबांहून म्हातारी आहेत."
सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

गळ्यात दोरी, दोरीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद,
कागदावर चौकोन:
बेडूक, कोळी, क्रॅनबेरी, दवबिंदू.
दिसलं की खूण करायची.
लीस्बेटने फाटकापाशीच सगळ्या खुणा करून टाकल्या.
म्हणाली, आता नुसतं बघता येईल.

आणि खरंच, दवबिंदू तिलाच आधी दिसला.
नखाएवढं पान, लाल केसांचं,
केसाकेसावर चिकट थेंब,
एका थेंबात चिलट, अजून पाय हलवणारं.
"सोडवू या," एक जण म्हणाला.
"मग ते काय खाईल?" दुसरा.
बाई काहीच बोलल्या नाहीत.
बराच वेळ कुणीच बोललं नाही.
चोवीस पोरं गप्प, असं मी बसमध्ये कधी ऐकलेलं नाही.

मग बाईंनी लांब काठी शेवाळात खुपसली.
गेली. जातच राहिली.
"वर्षाला एक मिलिमीटर," त्या म्हणाल्या, "एवढीच वाढते ही."
योसेपने बोटांवर हिशेब केला, ओठ हलवत:
"मी एकशे चोवीस सेंटीमीटर.
मला उभं पुरलं तर माझे पाय
बाराशे चाळीस वर्षांपूर्वी असतील."
आणि थोड्या वेळाने, काळजीने,
"तेव्हापण सोमवार असायचा?"

आम्हीही आलो होतो इथे शाळेतून,
वर्गच्या वर्ग, उन्हाळ्याच्या सुट्टीत,
पलीकडच्या, चर खणून सुकवलेल्या भागात,
पीटच्या विटा उलटून वाळत घालायला.
ओळीमागे काही कोपेक.
आमच्या हातात कागद नव्हता.
चिलटं मात्र हीच.
हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

ओट्ट फळीवरून घसरला तो परतीच्या वाटेवर.
पाय निघाला, बूट आतच.
एक मोजा, ओला, पिवळा, त्यावर बदक.
रडला नाही. खालचा ओठ तेवढा पुढे आला.
बाई ओढायला वाकल्या तर मी म्हणालो, थांबा.
पालथा पडलो फळ्यांवर, या वयात,
हात घातला खांद्यापर्यंत.
आत गार. तेच गार.
डोकं विसरलं होतं, हाताला आठवत होतं.

"ओढायचं नाही," मी म्हणालो,
आणि माझ्याभोवती चोवीस जोड्या गुडघे गोळा झाले.
"ओढलं की ती घट्ट धरते.
टाचेपाशी बोट घालायचं, असं,
थोडी हवा आत जाऊ द्यायची.
मग सोडते आपली आपण."
ढुबुक्.
सोडलान तिने.

झालं. त्यानंतर प्रत्येकाला बूट हरवायचा होता.
तिघांनी हरवलेही, मुद्दाम,
आणि बोट घालून स्वतःचे स्वतः काढले.
मारेटबाईंनी डोळे मिटून घेतले,
मला वाटतं, हसू लपवायला.

बसमध्ये आरशात मोजली. चोवीस.
त्यातली एकोणीस शहर यायच्या आत झोपली.
ओट्टने कागदावर एक चौकोन जास्तीचा काढला होता,
आत काय ते मला दिसलं नाही,
खूण मात्र केली होती, जोरात, कागद फाटेल इतकी.

डेपोत पोचलो तर मधल्या वाटेवर तपकिरी पावलं,
मागच्या सीटवर चिरडलेल्या क्रॅनबेरी.
पाण्याची नळी हातात घेतली, ठेवली.
बाहीला वास येत होता.
बाप कामावरून यायचा तेव्हा दाराआधी आत यायचा, तो.
गाडी सोमवारी धुईन.