सात नंबरची बस

शाळेच्या पत्रकात तिसऱ्या पानावर,
बास्केटबॉलच्या निकालाखाली,
जेवणाच्या वाढलेल्या दराच्या जरा वर
दोन ओळी:
वर्नेल टॉफ्टे, सात नंबरची बस, एकतीस वर्षं, एकही अपघात नाही.
आभाराचा कार्यक्रम गुरुवारी तीन वाजता, जिममध्ये.

तीन वाजता वर्नेल रस्त्यावर असते,
हे कुणाच्या ध्यानीमनी नाही.

टाळ्या झाल्या म्हणे. केकही कापला.
तिचा तुकडा कागदी रुमालात गुंडाळून
ऑफिसच्या खिडकीत ठेवलाय. वर तिचं नाव,
एक अक्षर चुकलेलं.

इथे उणे बावीस.
बीटच्या शेतांवरून बर्फ आडवा धावतोय.
रस्ता कुठे संपतो अन् शेत कुठे लागतं
ते तिला तारांच्या खांबांवरून कळतं.
हॉल्वर्सनांच्या फाटकाशी ती अजून वेग कमी करते,
तिथलं शेवटचं पोर
गेल्या वर्षीच फार्गोला गेलं तरी.

मागे पहिलीतला सेकू उभा राहून
पत्रकावर बोट ठेवत वाचतो:
ए-क-ही... अप... अपघात... नाही.
"हे तुझ्याबद्दल आहे?"

ती आरशात बघते.
"आधी खाली बस."

मग दोन फाटकं गप्प.
मग रस्त्यालाच सांगितल्यासारखं:
"एक हरीण होतं.
त्याचं कुणी लिहिलं नाही."