दोन डगरी

दुकान माझं पाच पावलं रुंद.
थंडीत दार उघडलं की आधी स्की आत येतात,
मग माणूस.

ब्राइडा आली ती मात्र मोकळ्या हातांनी.
हातमोजे गल्ल्यावर टाकून म्हणाली,
"याखेन, एकच जोडी दाखव.
आठवडाभर मी लिफ्टच्या उतारावर पोरांना शिकवते,
रविवारी फुओर्न खिंडीपलीकडे,
जिथे लिफ्ट नाही, पाटी नाही, कुणी नाही.
दोन्हीकडे चालेल अशी."

दोन्हीकडे चालेल अशी.
एकतीस हिवाळे हे वाक्य ऐकतोय.
सोयरीक जुळवतानाही लोक इतक्या अटी घालत नसतील:
चढताना ती पिसासारखी हवी,
उतरताना पहाडासारखी,
ताज्या भुसभुशीत बर्फात तरंगायला हवी,
आणि रात्री यंत्रानं विंचरून ठेवलेल्या कडक उतरणीवर
तिची धार सुटता कामा नये.

मी पीठ मोजायचा काटा काढला.
(बायकोचा आहे. परत न्यायचा राहिलाय.)
ही बाराशे साठ ग्रॅम. ही सतराशे नव्वद.
"एवढाच फरक?"
एवढाच.
पण पाऊल काही एक नसतं, बाई.
हजार मीटरच्या चढाला एकदा मोजत गेलो होतो,
चार हजारांवर मोजणं सोडलं.
चढणं सोडता आलं नाही.

ती म्हणाली, "दोन्हींतली एकेक दे."
मला वाटलं, चेष्टा.
पण मंगळवारी उजाडता उजाडता ती निघाली,
डाव्या पायात हलकी, उजव्यात जड,
दोन्हींच्या तळाला चढाची कातडी चिकटवलेली.
लिफ्टवाला गेओर्ग खिडकीतून बघत राहिला,
त्याची कॉफी निवली.

दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात.
ज्यानं हे म्हटलं तो स्कीवर कधी उभा राहिला नसणार.
आमचे पाय जन्मभर दोन डगरींवरच,
फक्त त्या एका दिशेला जाव्यात
एवढंच बघायचं.

दिवे लागताना परतली. नाकाचा शेंडा लाल.
"चढताना डावा पाय गप्प होता,
उजवा सगळी वाट कुरकुरत आला.
उतरताना उलटं.
खालचा पट्टा दुपारनंतर काचेसारखा गोठलेला,
डावी थडथडायला लागली, दात वाजावेत तशी,
उजवी मात्र पाटावर बसल्यासारखी निवांत."

माझा हात आपोआप मधलीकडे गेला.
पंधराशे ग्रॅम, कमरेशी अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर,
ना हिची ना तिची.
दुकान माझं मधलीवरच चालतं.

"नको. जड दे."

मग हातमोज्याची उसवलेली शिवण आणखी उसवत:
"तुमाशचा गुडघा तुला माहीत आहे.
चढतो तो, पण दमादमानं.
जुन्या हलक्या स्कीवर मी कधी पुढे जाते, कळतच नाही.
वर जाऊन थांबते. अंगावरचा घाम थंड होतो.
तो पोचतो तेव्हा मला निघायची घाई,
त्याला थर्मासचं झाकणही उघडू देत नाही मी.
तो म्हणतो, जा तू.
मागच्या खेपेला गेलेच."

पाचशे तीस ग्रॅम.
मी काटा उगाच शून्यावर आणला.
तो शून्यावरच होता.

दारापर्यंत जाऊन ती वळली.
"ती हलकी पण बांधून ठेव, त्याच्या मापानं.
पैसे बर्फ वितळल्यावर देईन.
आणि त्याला वजन सांगू नकोस,
त्याला वाटू दे गुडघा सुधारतोय."

हलकीच्या शेपटीवर आकडा छापलेला असतो, बारीक.
ती गेल्यावर मी पॉलिशपेपर शोधायला
आतल्या खोलीत गेलो.