सहा डबे

निकेशनं फोटो पाठवले: पार्किंग, टाइल्स, गेट,
गेटावर पितळी आकड्यांत घराचा नंबर.
मी म्हटलं, फोटोत माती दिसत नाही रे.
जिथं जिथं प्लॉट पाहशील
तिथली ओंजळभर पाठव.

तो हसला. सून हसली नाही.
दिवाळीनंतर प्राची उतरली हिंगणघाटच्या बसमधून
तेव्हा तिच्या पिशवीत, नातीच्या स्वेटरखाली,
सहा कॅरिबॅगा, गाठी मारलेल्या,
प्रत्येकीवर बॉलपेननं नाव:
बेसा. मनीषनगर. हुडकेश्वर.
दिघोरी. जयताळा. झिंगाबाई टाकळी.
"कंडक्टर विचारत होता, काय हाये यात.
मी म्हटलं, नागपूर."

हे लाइनमन. अठ्ठावीस वर्षं
खांबांसाठी खड्डे केले जिल्हाभर,
माती वासावरून ओळखतात.
ओसरीत पेपर अंथरून बसले,
एकेक चिमूट ओली करून तळहातावर वळली.
मनीषनगर वळलंच नाही.
"रेती हाये, अन् सिमिट. कोनाच्या तरी घराचा मलबा हाये हा."
जयताळ्यात मुरूम. "गुलाब लावा म्हना. शोभेचे."
बेसा काळं, चिकट, बोट सोडेना.
"हे तं आपलीच बहीन. भाजी होईन चांगली.
भिंत तडकन."

प्राची मधेच शाळेचं सांगत होती,
दवाखाना किती मिनिटांवर,
नळ किती वाजता येतो,
कुठल्या गल्लीत रात्री दिवे नसतात.
मी ऐकत होते. खरंच ऐकत होते.
नातीच्या छातीतली शिट्टी
मलाही ऐकू येते.

ती गेल्यावर तेलाचे सहा डबे घेतले,
खिळ्यानं बुडाशी भोकं पाडली,
सांबार चपलेखाली रगडून पेरला,
खडूनं नावं लिहिली
आणि सांदवाडीच्या भिंतीवर ओळीनं मांडून दिले.
शेजारच्या वच्छला डोकावल्या:
"काहून वं, बालवाडी उघडली का?"
एका तांब्यात सगळ्या नागपूरला पाणी पुरायचं.

दिघोरी सातव्या दिवशी बकरीनं खाल्लं.
निकेश फोनवर म्हणाला, चला, एक कटलं.
टाकळीत मुंग्यांनी धणे उचलून नेले.
जयताळ्यात चार काड्या, उंच, फिकट,
परीक्षेला निघालेल्या पोरांसारख्या.
बेसा हिरवंगार, वास घेतला तर भूक लागावी असं.

हुडकेश्वरात सांबार आलाच नाही.
आलं ते दुसरंच.
तांबूस देठ, समोरासमोर दोन पानं,
आठवड्यानं तीन-तीन पानांची डहाळी.
मी चष्मा लावून वाकले.
तूर.

आम्ही पेरली नव्हती.
कुण्या बाईच्या ओच्यातून सांडली असेल,
सोंगणीच्या वेळी शेंगेतून उडाली असेल,
मग चुन्याच्या रेषा पडल्या, खुंट्या आल्या,
प्लॉट नंबर सतरा, पूर्वमुखी, कॉर्नरचा,
आणि ही तशीच खाली पडून राहिली
कुणी पाणी देतं का म्हणून.

यांनी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला,
जपून ठेवला परत.
"तिथं नको. कोनाचं तरी वावर हाये ते."
मी म्हटलं, म्हणूनच तिथं.
"म्हनूनच नको."
मग दोघंही भाकरी खायला आत गेलो.
बेसा थोडं कापून वरणात घातलं.

शुक्रवारपर्यंत टोकन द्यायचं आहे.
दलाल म्हणतो, गार्डनला जागा आहे, काकू,
पंधरा बाय आठ, वर पेव्हर ब्लॉक फ्री.
निकेश म्हणतो, तुम्ही दोघं एक काय ते ठरवा.
आमचं ठरत नाही.
खडूची नावं पुसत चालली आहेत,
तूर मात्र डब्यात मावेनाशी झाली.

काल रात्री उशिरा प्राचीचा फोन,
हळू आवाजात, पोरगी झोपली असावी.
"आई, तुरीला जागा किती लागते?"

अंधारात मी दोन्ही हात पसरले.
इतकी, म्हटलं.