तीन दिवस अंधार

काचेवर बोट फिरवलं की सोलून यायचं,
सायीसारखं, निळसर हिरवं.
सकाळी पुन्हा जसंच्या तसं.

मासेवाला कुंजुमोन म्हणाला, हे शेवाळ नव्हेच.
उजेड बंद. तीन दिवस. दाणाही नको.
मग वाघाचं ब्लँकेट काढलं,
गावी न्यायला घेतलेलं,
दोन सुट्ट्या हुकल्या तेव्हापासून कपाटात.
टाकीला चहूबाजूंनी खोचलं.
हवेचा पंप तेवढा चालू ठेवला.

मी रिफायनरीत, रातपाळीला.
दिवसा झोपतो, खिडकीला चंदेरी कागद चिकटवून.
बाहेर फहाहील धुळीनं पिवळं,
आत आम्ही सगळे अंधारात:
पाच टेट्रा, एक प्लेको, मी.
बुडबुडे ऐकत.
कुणावर कुणाचा इलाज चाललाय, कळेना.

चौथ्या दिवशी वाघ उचलला.
काच लख्ख. मासे जरा फिकट, पण पाचही.
प्लेको दगडाखाली रुसलेला.
तळाशी मेलेली साय उरली होती,
ती काढायला नळी तोंडानं ओढली
तर घोटभर आलंच.

आड उपसताना शेवटी शेवटी
गाळातून वर येतो ना, तो वास.
त्याचीच चव.

बादली भरत राहिली.
थुंकायचं
जरा वेळ राहूनच गेलं.