देखत

"बंदूक नाही, औषधाची पेटी नाही,
मग तिकडे तू करतेस तरी काय?"
पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून बाबा विचारतात.
परवाचं तिकीट आहे. बॅग अर्धी भरलेली.

चालते, बाबा.
मार्लेनीबाई हरवलेल्या मुलाचा अर्ज घेऊन
दर गुरुवारी नदीकाठच्या चौकीवर जातात,
मी दोन पावलं मागे.
अंगात निळं जाकीट. वहीत तारीख, वेळ,
घुटमळणाऱ्या मोटरसायकलचा नंबर.
शिपाई माझा रंग बघून ओळखपत्र दोनदा मागतो,
नॉर्वेच्या टोरुनला एकदाही नाही.
तेही लिहून ठेवते.
परतताना बाई तळलेलं केळं हातावर ठेवतात,
खा म्हणतात, वाळलीस.

हे काम मी इथेच शिकले, याच खारेगावात.
शेवंताकाकू संध्याकाळी आईकडे मला मागायची,
वाटीभर साखर मागावी तशी:
"हिला राहू दे गं आज सोबतीला."
मी जमिनीवर बसून पाढे लिहायची.
सतरा, अठरा, एकोणीस.
काका दारात डुलत उभे.
खुंटीवरच्या पट्ट्याकडे गेलेला हात
नुसती टोपी अडकवून परत यायचा.
पोरीच्या देखत नको.

एका रात्री मी गेले नाही.
कळव्याच्या मैदानात सर्कस आली होती,
तुम्हीच नेलंत, बोट धरून.

सकाळी नळावर काकूने पदर
भुवईच्या खाली ओढलेला.
हंडा भरेपर्यंत काही बोलली नाही.
मग विचारलं,
"वाघ होता का गं?"